वरची आच

उरणजवळच्या करंज्याच्या घरांत तांदळाच्या भाकरीबरोबर काय काय खाल्लं जातं, ते सांगायला बसलं तर वेळ पुरणार नाही. जवळ्याचं सुकं, बोंबलाचं कालवण, वाकटी, खाजणातले निवटे, पावसाळ्यात शेवळाची भाजी. पण हे सगळं भाकरीच्या शेजारी बसतं. भाकरीच्या अंगावर काही ठेवून ती भाजण्याची पद्धत इथे नाही, आणि खाडीपलीकडे अलिबागेत किंवा घाटावर गेलं तरी ती सापडत नाही. पुरण पोळीच्या आत जातं, गूळही आत जातो. भोपळा घारग्याच्या पिठात मुरतो, कांदा थालिपिठात मळला जातो. आमरस वाटीत असतो, शिकरणही वाटीत. मराठी स्वयंपाकानं पिठाच्या चकतीच्या पोटात आणि शेजारी काय काय ठेवलं, पण तिची पाठ मोकळी सोडली. आता उरणपासून पनवेलपर्यंतच्या घरांतून चीजचं पाकीट फ्रीजमध्ये आलेलं आहे, मुलांना फळं आणि चीज पसरलेली रोटी हवी असते, आणि ती घरी करायला घेतली की बहुधा बिघडते. बिघडली की आपण म्हणतो, परक्याचा पदार्थ, आपल्या हाताला जमायचा नाही. माझं म्हणणं असं, की इथे परकेपणाचा किंवा चवीचा फारसा संबंध नाही. आच कोणत्या बाजूनं येते, यावर भाकरीच्या पाठीवर काय ठेवता येईल हे ठरतं. आपल्या चुलीची आणि शेगडीची आच खालून येते. ही एक गोष्ट मान्य करून रीत नव्यानं बसवली, तर फळं आणि चीज घातलेली तांदळाची भाकरी करंज्यात उत्तम होऊ शकते. ती मान्य न करता ओव्हनची नक्कल तव्यावर केली, तर ती दरवेळी बिघडणार.

आधी भाकरीचं काम कसं चालतं ते पाहू. पाणी उकळून त्यात मीठ आणि तांदळाचं पीठ घालतात, उकड झाकून ठेवतात, आणि ती गरम असतानाच परातीत पाण्याच्या हातानं मळतात. गव्हात कणकेला ताण देणारं ग्लूटेन असतं, तांदळात ते नसतं. त्याची उणीव ही उकड भरून काढते. ७० अंशांच्या आसपास तांदळातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, चिकट होतो आणि उरलेल्या पिठाला धरून ठेवतो. मग भाकरी थापायची, तापल्या तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा. पाणी सुकत आलं की उलटायची, दुसरी बाजू पुरती भाजू द्यायची, आणि पुन्हा उलटून पहिली बाजू आचेला दाखवायची. दोन्ही तोंडं भाजून बंद झालेली असतात, आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते, आणि भाकरी टम्म फुगून वरचा पापुद्रा सुटा होतो. या सगळ्या कामात उलटण्याला सर्वांत जास्त महत्त्व आहे. जी भाकरी दोनदा उलटावी लागते, तिच्या पाठीवर आंब्याच्या फोडी आणि चीज कोण ठेवणार? ठेवलंच तर एक बाजू कच्ची राहील, भाकरी फुगणार नाही, आणि फोडींचं पाणी अर्धवट भाजलेल्या पिठात उतरून त्याचा चिखल होईल. आपल्याकडचे इतर पदार्थ तपासले तरी हेच दिसतं. थालिपिठाला मधे भोक पाडून तेल सोडतात, म्हणजे खालची आच जिथे पोचत नाही तिथे तेल पोचतं. घावनावर आणि आंबोळीवर झाकण ठेवतात, म्हणजे खालच्या आचेची वाफ करून ती वर फिरवतात. पानगीला दोन्हीकडून केळीचं पान लावून उलटतात. उडप्याच्या उत्तप्प्यावर कांदा असतो खरा, पण तो ओल्या पिठात दाबलेला असतो, आणि तोही उलटावाच लागतो. खालून येणाऱ्या आचेशी जुळवून घेण्याच्या या सगळ्या युक्त्या आहेत, आणि त्यांतली एकही पदार्थाच्या पाठीला बिनधास्त ओझं वाहू देत नाही.

आता नेपल्सच्या भट्टीकडे बघा. तिथे घुमट तापलेला असतो. जमीन आणि घुमट मिळून ४५० अंशांच्या आसपास पोचतात आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. त्या दीड मिनिटात खालची फरशी कणकेला भाजते आणि वरचा घुमट चीज वितळवतो, टोमॅटोचं पाणी उडवतो, कडा करपवतो. उलटायची गरजच पडत नाही, म्हणून पाठ ओझ्यासाठी मोकळी राहते. अशा भट्टीपुढे उभं राहून काम करण्याच्या नेपल्सच्या कलेची २०१७ साली युनेस्कोनं मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली, ती पाककृतीपेक्षा हातांच्या आणि आचेच्या कौशल्याची नोंद आहे असं मी मानतो. आपल्या घरातला ओटीजी २३० ते २५० अंशांवर थांबतो. तेवढ्या आचेला गव्हाची आंबवलेली जाड कणीक बरी भाजली जाते, पण तांदळाची भाकरी दहा मिनिटांत कोरडी ठक्क होऊन जाते. तिच्यात ताण धरणारं ग्लूटेन नाही की ओल धरून ठेवणारी जाडी नाही. मायक्रोवेव्हचं तर विचारूच नका. तो पाण्याच्या रेणूंना तापवतो, पाणी १०० अंशांपुढे जात नाही, आणि पदार्थाला तांबूस रंग यायला निदान १४० अंश लागतात. त्यातून निघालेली भाकरी आधी लिबलिबीत असते आणि पाच मिनिटांनी चामडं.

इथे एक जाणकार हरकत घेईल, आणि ती योग्य आहे. वरची आच मराठी स्वयंपाकाला ठाऊक नव्हती असं कसं म्हणता? रायगड-ठाण्याच्या कायस्थ प्रभू घरांत श्रावणात निनावं होतं. बेसन, गव्हाचं पीठ, गूळ, नारळाचं दूध हे शिजवून भांड्यात घालायचं आणि खाली-वर निखारे ठेवून भाजायचं. काकडीचं धोंडस याच रीतीनं होई. गोव्याची बेबिंका तर वरच्या आचेचाच पदार्थ आहे. एक थर ओतायचा, झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवायचे, थर तांबूस झाला की पुढचा ओतायचा. आणि पुढे जाऊन कोणी असंही म्हणेल, की करंजा तर पोर्तुगिजांच्या ताब्यातलं बेट होतं. सोळाव्या शतकापासून ते मराठ्यांच्या वसई मोहिमेपर्यंत, म्हणजे १७३७-३९ पर्यंत, इथे त्यांची सत्ता होती. द्रोणागिरीवर त्यांचा किल्ला होता. पुढे १७७४ च्या अखेरीला इंग्रजांनी ते घेतलं आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात स्वतःकडे ठेवलं. जे लोक गोव्यात आणि वसईत पाव ठेवून गेले, त्यांची भट्टी इथे अपरिचित कशी असेल?

हे सगळं मान्य करूनही माझा मुद्दा ढळत नाही, उलट पक्का होतो. निनावं, धोंडस, बेबिंका यांच्यात एक साम्य आहे. तिन्ही पदार्थ भांड्यात घट्ट बसतात, तिन्ही सावकाश होतात, आणि तिन्ही सणावाराचे आहेत. झाकणावरच्या निखाऱ्यांची आच मंद असते. तिच्यानं ओलं मिश्रण थिजतं, तांबूस होतं, पण पातळ चकती झटकन भाजून निघत नाही. शिवाय निखाऱ्यांची दोन ठिकाणची राखण आणि दुप्पट सरपण हे रोजच्या जेवणाला परवडण्यासारखं नव्हतं. भाकरी तर रोजची, आणि तीही ढिगानं. पावाच्या भट्टीची गोष्ट याहून बोलकी आहे. कोकणात भट्टी आली ती धंद्याची म्हणून. गोव्यात पोदेर पाव भाजून दारोदार विकत आला, वसईत बेकऱ्या उभ्या राहिल्या, पण घरात भट्टी शिरली नाही. एकदा तापवायची तर पन्नास घरांचा पाव निघाला पाहिजे, तरच लाकूड वसूल. त्यामुळे वरच्या आचेचा पदार्थ विकत घ्यायचा आणि खालच्या आचेचा घरी करायचा अशी कामाची वाटणी झाली, आणि ती आजतागायत आहे. वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत पाव बाहेरून येतो आणि तांदळाची भाकरी मात्र हातानं थापून तव्यावरच होते, यात सगळं आलं. मजेची गोष्ट अशी की पोर्तुगिजांनी पाव ठेवला आणि चीज ठेवलं नाही. हुगळीकाठच्या त्यांच्या बंडेल वसाहतीच्या नावाचं धुरावलेलं खारट चीज बंगालात आजही मिळतं, पण आपल्या किनाऱ्याला तसं काही उरलं नाही. खाऱ्या जमिनीत जिथे भातच कसाबसा उभा राहतो तिथे दुधाचा सुकाळ कुठून असणार? पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राला क्षार सोसणाऱ्या भाताच्या वेगळ्या जाती काढाव्या लागल्या, त्यांची नावंच पनवेल १, पनवेल २, पनवेल ३ अशी आहेत. जनावरांच्या वैरणीचं काय होत असेल त्याची कल्पना करावी. किनाऱ्यानं दुधाचं काम नारळाकडून करून घेतलं, आणि ते चोख झालं.

तर आज चीज विकतच आणायचं आहे. मग त्याला नेमकं काय हवं असतं, हे समजून घेतलं पाहिजे, कारण घरच्या प्रयत्नांची सगळ्यात मोठी गफलत इथे होते. चीज वितळणं आणि चीज तांबूस होणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. वितळायला फार आच लागत नाही. मोझरेलासारखं चीज ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं, म्हणजे नुसत्या वाफेलाही ते वितळतं. तांबूस व्हायला मात्र कोरडी, तीव्र, वरची आच लागते, आणि ती आपल्याकडे नाही. पिझ्झाच्या जाहिरातीतले करपलेले ठिपके डोळ्यांपुढे ठेवून आपण तवा मोठ्या आचेवर ठेवतो आणि त्या ठिपक्यांची वाट पाहतो. ठिपके वर येत नाहीत, भाकरी खालून जळते. ठिपक्यांचा हट्ट सोडला की अर्धी अडचण संपते. उरलेली अर्धी अडचण चीजच्या निवडीत आहे. घरात पनीर असतं म्हणून तेच किसून पसरलं जातं. पण पनीर वितळत नाही. दूध उकळीला आणून लिंबानं फाडलं की त्यातली प्रथिनं अशी घट्ट गुंततात, की पुन्हा उष्णता दिली तरी सुटत नाहीत. तापवलं की पनीर पाणी सोडतं आणि कोरडं होतं. जे विरजण घालून रेनेटनं गोठवलेलं असतं तेच वितळतं. रेनेट म्हटलं की पूर्वी वासराच्या जठरातलं म्हणून शाकाहारी घरांत नाक मुरडलं जाई. आता इथल्या बाजारातल्या बहुतेक पाकिटांवर हिरवा ठिपका असतो, कारण ते रेनेट सूक्ष्मजीवांपासून काढलेलं असतं. मंचरच्या गोवर्धन डेअरीचं किंवा आणंदच्या अमूलचं साधं मोझरेला याला पुरतं. महागड्या आयात चीजची काही गरज नाही, आणि प्रक्रिया केलेल्या चौकोनी वड्यांनी तर काम अधिकच सोपं होतं. त्यांतल्या क्षारांमुळे चरबी वेगळी न होता वडी एकजीव वितळते. चव बेताची, पण वागणूक चांगली.

आता रीत. भाकरी आधी पूर्ण भाजायची, फुगवायची, दोनदा उलटायची, जशी नेहमी करतात तशीच. तिला पाठीवरच्या ओझ्याची आगाऊ सूचना द्यायची नाही. फुगली की कडेला बोटानं किंवा सुरीनं पापुद्रा उचलायचा. गरम भाकरीचा पापुद्रा उचलून आत तूप किंवा लोणी सोडणं ही काही नवी गोष्ट नाही. त्याच पोकळीत किसलेलं चीज सारायचं आणि भाकरी मंद तव्यावर परत टाकून वर झाकण ठेवायचं. आतली वाफ १०० अंशांची आहे, चीजला हवेत साठ-सत्तर. अर्ध्या मिनिटात ते वितळतं आणि पापुद्र्याला खालच्या अंगाशी चिकटवून टाकतं. आता भाकरी फुगलेली राहत नाही, पण दोन्ही बाजूंनी भाजलेली, कोरडी, आणि मधे चीजचा थर असलेली अशी ती एक भक्कम बैठक झाली. फळांचं काम याच्या आधीच करून ठेवायचं, आणि तेही तव्यावर. वरची आच नाही ना? मग फळालाच आचेवर पालथं घालावं. राजेळी केळ्याचे तिरके काप, अननसाच्या पातळ चकत्या, पाडाच्या आंब्याच्या फोडी तुपाचा हात फिरवलेल्या तव्यावर टाकल्या, की त्यांतली साखर खालून तांबूस होते. त्या उलटून भाकरीवर ठेवल्या की तांबूस बाजू वर येते. जो रंग भट्टीचा घुमट वरून देतो तो तव्यानं खालून दिला आणि आपण तो वर आणला. वर मिरी, चिमूटभर मीठ, हवा तर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचा एखादा पातळ काप. तो कांदा गोडसर असल्यामुळे फळाशी भांडत नाही.

कोणतं फळ चालेल हे पाणी ठरवतं. कलिंगड, संत्रं, जांब ही फळं बाद. ती तव्यावर शिजतात, भाजली जात नाहीत. फणसात बरका नको, कापा हवा. बरक्याचा गर बिलबिलीत असतो, तो सांदणात शोभतो. काप्याचे गरे कोरडे, कुरकुरीत, त्यांना भाजल्यावर मधासारखा वास येतो. आंबा पूर्ण पिकलेला नको. हापूसच्या २०१८ च्या भौगोलिक मानांकनात रत्नागिरी-सिंधुदुर्गाबरोबर रायगडही आहे, म्हणून हा आंबा इथल्या माणसाला आपला म्हणायला हरकत नाही, पण मऊ झालेला हापूस तव्यावर टाकणं हा आंब्याचाही अपमान आहे आणि भाकरीचाही. तो नुसता खावा. पाडाला लागलेला, अजून देठाशी आंबट असलेला रायवळ इथे जास्त उपयोगी. चिकू चालतो, पुरंदरचं अंजीर फारच चालतं. पण माझ्या मते या कामाला सगळ्यात योग्य फळ वसई-आगाशीकडची सुकेळी. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली, पाणी आधीच उडालेलं, साखर दाटलेली, किंचित धुराचा आणि उन्हाचा वास. भट्टीनं दीड मिनिटात जे करायचं ते उन्हानं कित्येक दिवसांत करून ठेवलेलं असतं. सुकेळीचे पातळ काप आणि खारट चीज एकत्र आलं, की भट्टीची आठवण येण्याचं कारण उरत नाही.

चवीवरचे आक्षेप मी मुद्दाम मागे ठेवले, कारण ते मोठ्यानं घेतले जात असले तरी फारसे टिकत नाहीत. गोड फळ आणि खारट चीज एकत्र कसं, असं विचारणारे पेरूला तिखटमीठ लावतात, कैरीला लावतात, अननसाला लावतात. दक्षिण कोकणात आणि गोव्यात पिकल्या आंब्याचं आणि अननसाचं सासव होतं, त्यात गोड, तिखट, आंबट आणि मोहरीचा झणका एका वाटीत असतो. अननस घातलेल्या पिझ्झावरून जगभर भांडणं होतात. तो १९६२ साली कॅनडातल्या एका ग्रीक हॉटेलवाल्यानं, सॅम पॅनोपूलसनं काढला. सासव खाणाऱ्यांनी त्या भांडणात पडण्याचं कारणच नव्हतं. खोबरं असताना चीज कशाला, हा आक्षेप मात्र विचार करायला लावतो. ओला नारळ स्निग्ध आहे, फळाशी त्याचं जन्माचं जमतं, आणि तो दारातला आहे. पण नारळ गोडसर आहे. गोड फळाच्या जोडीला खारट आणि आंबूस असं काहीतरी लागतं, नाहीतर भाकरीचं पक्वान्न होतं आणि दोन घासांत मन भरतं. शिवाय नारळ धरून ठेवत नाही, फोडी घरंगळतात. उरला विरुद्ध आहाराचा प्रश्न. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या २६ व्या अध्यायात आंबट फळं दुधाशी विरुद्ध मानली आहेत, तसेच मासेही. फळांच्या बाबतीत आपण हा नियम केव्हाच सैल केला, आंब्याचं मिल्कशेक पिणाऱ्या घरानं चीजवर तो लावू नये. माशांच्या बाबतीत मात्र करंज्यासारख्या गावात तो अजून पाळला जातो, आणि मला तो पाळला गेलेला आवडतो. कारण त्यानं या पदार्थाला आपोआप दिवस मिळतात. ज्या वारी घरात मासे शिजत नाहीत ते वार, संकष्टी, आणि सबंध श्रावण. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना समुद्रबंदी असते, तेव्हा ताजी मासळी कमी होते आणि नेमका तेव्हाच काप्या फणसाचा भर ओसरत असतो.

एक आक्षेप राहिला तो मूळ रूपाचा. चीज पापुद्र्याच्या आत घातलं, फळ आधी भाजून वर ठेवलं, तांदळाची बैठक घेतली. मग तो पदार्थ राहिला कुठे? यापेक्षा गव्हाचा तयार बेस आणून ओटीजीत टाकला तर निदान नावाला जागल्यासारखं होईल. पण मूळ रूप म्हणतात ते कुठलं? इटलीतच लिग्युरियाच्या किनाऱ्यावर रेक्को गावची फोकाच्चा आहे. तिच्यात खमीर नसतं, आणि मऊ चीज कागदासारख्या दोन पातळ पाऱ्यांच्या मधोमध असतं, पुरणपोळीतल्या पुरणासारखं. तस्कनीत द्राक्षांच्या हंगामात पाव-रोटीत काळी द्राक्षं बियांसकट दाबतात आणि चीजचा पत्ता नसतो. फ्रान्सच्या अल्सास प्रांतात पातळ रोटीवर वितळणारं चीज न घालता ताजं, आंबूस, दह्याच्या जातीचं चीज फासतात आणि वर कांदा. भट्टी पाव भाजण्याइतकी तापली का, हे पाहायला ती रोटी आधी टाकून बघत. या तिन्ही ठिकाणी आपापल्या आचेनं आपापली रीत घडवली. तव्यानं घडवलेली रीत त्यांच्या पंगतीत बसवायला कुणाची परवानगी लागू नये. आणि तयार बेसचं म्हणाल तर त्यात चव नावालाच असते. खारभूमीच्या तांदळाची ताजी दळलेली पिठी घरात असताना तो आणणं मला पटत नाही.

ज्या आक्षेपापुढे मी खरोखर अडखळतो तो वेगळा आहे. ओव्हनमध्ये एकदम चार रोट्या होतात आणि सगळे एकत्र जेवायला बसतात. तव्यावर एका वेळी एकच. चीज वितळलेलं असताना खायचं, म्हणजे जो भाजतो तो उभा राहणार आणि इतर गरम गरम खाणार. आपल्या घरांत तो बहुतेक वेळा ती असते, आणि ती शेवटी, गार झालेलं खाते. तांदळाची भाकरी करणाऱ्या बायकांनी हे पिढ्यान् पिढ्या केलं आहे. नव्या पदार्थानंही त्यांना तव्यापुढेच बांधून ठेवायचं असेल, तर माझा खालच्या आचेचा सगळा युक्तिवाद त्यांच्या पायांवर उभा आहे असं कोणी म्हणेल आणि ते खोटं नसेल. भाकरी आणि फळं भाजून कापडात गुंडाळून टोपलीत ठेवता येतात, तास-दीड तास ती मऊ राहतात. अडतं ते वितळण्यापाशी. म्हणून मला शेवटी अल्सासवाल्यांचं पटतं. वितळणारं चीज बाजूला ठेवावं आणि चक्का घ्यावा. म्हशीच्या दुधाचं दही रात्रभर फडक्यात टांगून ठेवलेलं, साखरेचा कण न घातलेला, मीठ आणि मिरी लावलेला. तो वितळत नाही, गार असतानाच चांगला लागतो, आंबूस आणि स्निग्ध दोन्ही आहे, फोडींना धरून ठेवतो. आणि आतल्या पाण्यानं भाकरी ओली होऊ नये म्हणून तो फक्त ऐन वेळी फासावा लागतो, जे काम ताटावर बसून प्रत्येकाला स्वतःचं स्वतः करता येतं. टोपली मधे, चक्क्याचं भांडं मधे, फळांची थाळी मधे, आणि गॅस बंद.